दुरून आलेले साहेब

साहेब, तुम्ही आमच्या उंबऱ्याला पाय न लावता आमच्या घरात शिरलात आणि माझ्या आईनं पुढं ठेवलेल्या चहाकडं ढुंकूनही न बघता चोरी करून निघून गेलात. तुमचं नाव मी लिहीत नाही. भीतीनं नव्हे. नाव लिहिलं की तुमची माणसं म्हणणार, हे जुनं वैर आहे. नाव नाही लिहिलं की तालुक्यातले चारपाच चेअरमन आपापल्या खुर्चीत चुळबुळणार. मला सगळेच चालतील.

आता झालं ते सांगतो.

"श्रीपा, ह्याच्या पोटात काय तरी गुरगुरतंय बघ," आई म्हणाली.

ह्याच्या म्हणजे कॉम्प्युटरच्या. घरात येऊन त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. आईनं त्याच्यावर क्रोशाचं झाकण घातलं होतं आणि धूळ बसू नये म्हणून खोलीत झाडू मारणंच बंद केलं होतं. तरी तो गुरगुरायचा, तापायचा, आणि आप्पा पुण्याच्या नातीशी बोलत असतानाच मान टाकायचा.

आप्पा म्हणजे माझे वडील. मगदूम गुरुजी म्हटलं की अख्खा तालुका ओळखायचा. हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले आणि शिक्षकांच्या पतसंस्थेनं त्यांना पकडून एका योजनेच्या समितीवर बसवलं. निवृत्त गुरुजींच्या घरोघरी कॉम्प्युटर, अशी ती योजना. ठेकेदार चेअरमनसाहेबांचा मेव्हणा, पण ते योगायोगानं. आप्पा छत्री घेऊन दारोदार फिरले. "माझ्या शब्दावर घ्या," म्हणाले. ज्यांना टीव्हीचा रिमोट धड दाबता येत नव्हता अशा म्हाताऱ्यांनी गुरुजींच्या शब्दावर कॉम्प्युटर घेतले.

स्टँडवर माझं रेडिओ-मोबाइल दुरुस्तीचं दुकान. कॉम्प्युटरही मी मोडत मोडत शिकलो होतो. मी आप्पांना म्हटलं होतं, "घ्यायच्या आधी एक पेटी मला उघडून बघू द्या."

"नको. लोक म्हणतील, पोराचं दुकान चालवायला समितीवर बसला."

हा असा सरळ माणूस. सरळ माणसाला फसवायला अक्कल लागत नाही, नुसता सत्कार करावा लागतो. त्यांचा नारळ देऊन दोनदा केला होता.

गुरगुर ऐकून मी पेटीचं झाकण काढलं. बाहेरून नव्या नवरीसारखी, आत डोईवर सगळे पांढरे केस. पंख्याला कोळ्याचं जाळं, तळाला बोटभर धूळ, आणि धुळीत उताणं पडलेलं एक झुरळ.

आप्पा वाकून बघत म्हणाले, "कारखान्यात झुरळं असतील."

"आप्पा, हे झुरळ मरून वाळून त्याचा पापड झालाय."

"मग वाटेत शिरलं असेल."

ह्या गोष्टीतून बाकी काही घेतलं नाही तरी एवढं घ्या. घरी कॉम्प्युटर घेताना वरचा चकचकीतपणा बघू नका, मागचे स्क्रू बघा. डोकी ओरबाडलेली असली तर ती पेटी तुमच्या आधी कुणीतरी उघडलेली असते. आणि आतली डिस्क, म्हणजे सगळं साठवायची जागा, ती आजवर किती चालली ते स्वतःच सांगते. विचारणारा फुकटचा प्रोग्राम मिळतो. मी विचारलं. आप्पांच्या दोन महिन्यांच्या बाळाला दाढी फुटली होती. पेटी वरून नवी, तिचं काळीज कुणाचं तरी काढून बसवलेलं.

आप्पा खुर्चीत बसले. मग म्हणाले, "ह्यावरून सिद्ध काय होतं? यंत्र म्हणतंय, ठेकेदार म्हणेल यंत्र खोटं बोलतंय. सभेत उभं राहायचं तर दाखवायला काहीतरी पाहिजे, श्रीपाल."

सभा म्हणजे पतसंस्थेची वार्षिक सभा, तोंडावर आली होती. आप्पांचा जीव कशात अडकला होता ते मला दिसत होतं. स्वतःची पेटी गेली खड्ड्यात. ज्या दारांत त्यांनी शब्द टाकला होता, तो शब्द त्यांना परत उचलायचा होता.

म्हणून मी डिस्कमधलं पुसलेलं वर काढायला बसलो. कॉम्प्युटरमध्ये पुसलं म्हणजे गेलं असं नसतं. पाटी नुसत्या हातानं पुसली तर उन्हात तिरकी धरल्यावर जुनी अक्षरं दिसतात, तसंच हे. प्रोग्राम सुरू केला, जेवून आलो, आणि पडद्यावर एक बारसं उभं होतं.

कुणाचं, ते कळेना. हिरव्या साडीतली एक ओली बाळंतीण. झेंडूच्या माळा गुंडाळलेला पाळणा. पाळण्याखालून बाळ पलीकडं देताना वाकलेल्या बायका. बाळाच्या कानाशी तोंड नेलेली आत्या. आणि जवळजवळ प्रत्येक फोटोत कडेला उभी असलेली एक खेड्यातली बाई, हनुवटीवर गोंदण, पदराचं टोक तोंडात धरून हसणारी. पुरुष एकही नाही. बारशात पुरुषांचं काम जेवणापुरतं, फोटोत त्यांना कोण घेतो? घर कुणाचं, गाव कुठलं, ओळखायला काहीच आधार नाही.

आई पुढं सरकली. "ही गोंदणवाली पोरीची आई दिसतीय बघ."

"तुला काय माहीत?"

"सगळी बाळाकडं बघालीत. ही एकटी पोरीकडं बघालीय."

मी खिशातून पेनड्राइव्ह काढला. आप्पांनी माझा हात धरला.

"काय करतोस?"

"एक प्रत घेतो. पुरावा आहे."

"परक्याच्या घरच्या लेकीबाळी खिशात घालून स्टँडवर हिंडणार तू? ठेव ते. पुरावा आहे तिथं आहे. सभेला पेटीच नेऊ. आणि ही माणसं सापडली तर त्यांचं त्यांना परत करू. कुणाच्या तरी घरचं कार्य आहे हे."

मी वाद घातला. आमच्या घरात गुरुजींशी वाद घालणं म्हणजे भिंतीशी चेंडू खेळणं, तुमचाच तुमच्याकडं परत येतो. प्रत घेतली नाही.

पुढचे काही दिवस आई रोज सकाळी दिवा लावला की ते फोटो लावून बसायची. शेजारणीला नेऊन दाखवायची नाही, एकटीच बघायची. "आज बाळ हसल्यासारखं वाटतंय," म्हणायची. फोटोतलं बाळ.

आणि आप्पांनी काय केलं? साहेब, तुम्हाला माहीतच आहे. ते सकाळी टोपी घालून थेट तुमच्याकडं आले. सभेआधी सांगितलं नाही तर पाठीत वार केल्यासारखं होईल, असं त्यांना वाटलं. परत आले तेव्हा खूश होते.

"साहेबांना धक्काच बसला. फोटो कसले, म्हणून विचारलं. मी सांगितलं, बारशाचे. म्हणाले, गुरुजी, तुम्ही डोळे उघडलेत. आमचा माणूस तपासून जाईल."

"आप्पा, माणूस घरी येणार?"

"येईल किंवा दुरून बघेल. ती सोय आहेच की."

ती सोय मी विसरलोच होतो. योजनेतल्या प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये एक प्रोग्राम घालून दिला होता. काही बिघडलं की संस्थेच्या सेवा केंद्रातून फोन यायचा, तुम्ही पडद्यावरचे आकडे वाचून दाखवायचे, आणि तिकडचा माणूस तुमचा कॉम्प्युटर स्वतःच्या हातात घ्यायचा. तुमच्या पडद्यावर बाण आपोआप फिरायला लागायचा. सोय चांगली आहे, मी स्वतः गिऱ्हाइकांना देतो. फक्त एक पाळा. तुम्ही होऊन बोलावलं असेल तरच आकडे द्या, काम चालू असताना तिथून हलू नका, आणि नको वाटलं की तार उपटा. घराची किल्ली दिल्यासारखंच आहे ते. पण आमच्या आईला हे कुणी सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं असतं तरी तिनं ऐकलं नसतं. का, ते पुढं बघा.

सभेच्या आदल्या दिवशी मी दुपारी जेवायला घरी आलो. आप्पा बाहेर गेले होते. दारातच आई ओठांवर बोट ठेवून उभी. डोक्यावर पदर. अंगावर लग्नाकार्याची जरीकाठी साडी.

"कोण आलंय?"

"हळू बोल. साहेब आहेत आत."

मी आत डोकावलो. खोलीत कोणी नव्हतं. कॉम्प्युटरपुढं खुर्ची रिकामी, तिच्यावर धुतलेली चादर. पडद्याशेजारी कपबशी, साय धरू नये म्हणून कपावर दुसरी बशी उपडी. टेबलपंखा पेटीकडं तोंड करून ठेवलेला. आणि पडद्यावर बाण इकडून तिकडं आपला आपण फिरत होता.

"आई, कोण साहेब?"

"सेवा केंद्रातनं रणदिवेचा फोन आला. आकडे वाचून दाखव म्हणाला, दाखवले. चेअरमनसाहेब पण शेजारी बसलेत म्हणाला. फोनवर बोलले की माझ्याशी. 'कशा आहात वहिनी?' म्हणाले. एवढा मोठा माणूस, मी काय नुसती बघत बसू?"

"आणि चहा कुणाला ठेवलाय?"

"आता आलेल्या माणसाला विचारायचं तरी न्हाई का?"

पडद्यावर एक हिरवी पट्टी भरत चालली होती. बारशाची फाइल जिथं होती तिथं काही नव्हतं. मी पट्टीखालची अक्षरं वाचली आणि भिंतीवरून तार ओढली. पडदा काळा झाला.

"श्रीपा!" आई ओरडली. तशी ती माझ्यावर लहानपणी सुद्धा ओरडली नव्हती. "पाहुण्याला ताटावरनं उठवलंस रे! काय म्हणतील ते?"

"पाहुणा नव्हता गं तो! सगळं पुसून गेला."

"व्हय, साफ करून देतो म्हणालेच होते. घाण झालीय म्हणाले."

"फोटो पुसलेत, आई."

ती चहाचा कप उचलून आत गेली. मग दिवसभर एक शब्द बोलली नाही.

मी पुन्हा प्रोग्राम लावून बसलो. उपयोग नव्हता. ह्या वेळी हातानं पाटी पुसली नव्हती, खडीनं घासून काढली होती. पुसल्या जागेवर पुन्हा दुसरंच लिहून भरून टाकणारा प्रोग्राम चालवला होता. ज्याला निव्वळ साफसफाई करायची असते तो एवढा घाम गाळत नाही.

संध्याकाळी आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "मी तरी उभा राहणार."

"काय दाखवणार?"

"दाखवायला काही नसलं की माणसानं बसून राहायचं, असं मी मुलांना शिकवलेलं नाही."

सभा मंगल कार्यालयात होती. साहेब, मंच तुम्ही छान सजवला होता. मधे तुम्ही, बाजूला मेव्हणे, आणि सभासदांच्या गुणवंत मुलांना बक्षिसं द्यायला तुमच्या सूनबाई, मयूरा. ती त्याच वर्षी पुण्याहून इकडं कायमची राहायला आली होती. तिला आमच्यातल्या कुणी कधी बघितलं नव्हतं.

आप्पा उठले. माइक हातात घेतला. पेट्या जुन्या आहेत म्हणाले. आतल्या डिस्क दुसऱ्यांनी वापरलेल्या आहेत म्हणाले. माझ्या शब्दावर ज्यांनी घेतल्या त्यांची मी माफी मागतो म्हणाले.

तुम्ही हसून माइक घेतलात. "गुरुजी, आरोप गंभीर आहे. पुरावा?"

"काल दुपारपर्यंत होता."

"काल दुपारपर्यंत होता!" तुम्ही सभेकडं बघत म्हणालात. "शाळेत मुलं सांगायची, गुरुजी, गृहपाठ केला होता पण शेळीनं खाल्ला. आठवतंय ना?"

हॉल हसला. ज्यांच्यासाठी आप्पा उभे होते, ते पण हसले. मागून कुणी तरी म्हणालं, "वय झालं आता, बसवा त्यांना." कोपऱ्यातले आवटी गुरुजी, ज्यांच्या पेटीतून आठवड्यातून एकदा धूर निघायचा, तेही हसले.

आप्पा बसले नाहीत. नुसते उभे राहिले. माझ्या हातून त्या दिवशी खुर्ची फेकली गेली असती. तेवढ्यात बायकांच्या रांगेतून आई उठली आणि मंचाकडं चालायला लागली. मला वाटलं, आप्पांना खाली न्यायला चाललीय. ती आप्पांना ओलांडून पायऱ्या चढली आणि थेट मयूरापुढं जाऊन उभी राहिली. बक्षिसांचा माइक मयूराच्या तोंडापुढंच होता. पुढचं सगळं हॉलभर ऐकू आलं.

"बाळे, बारशात हिरवी साडी तुलाच होती नव्हं?"

मयूरा गोंधळली. "कोणत्या बारशात, काकू?"

"तुझ्या लेकराच्या. झेंडूच्या माळा होत्या पाळण्याला. तुझ्या डाव्या दंडाला काळा दोरा होता."

"हो... तुम्ही होता का तेव्हा? पण ते तर पुण्यात, आमच्या फ्लॅटवर..."

"मी कुठली असणार? आमच्या कॉम्प्युटरात होते की फोटो. रोज बघत होते मी. हनुवटीवर गोंदण, पदर तोंडात धरून हसतीय, ती तुझी आई नव्हं?"

मयूराच्या हातातलं बक्षीस टेबलावर पडलं.

"आईचा फोटो? तुमच्याकडं आहे?"

हॉलमधलं हसणं थांबलं होतं.

"काकू, आई त्याच वर्षी गेली हो. तिचा एकही फोटो नाही. रेशनकार्डावरचा मोठा करून लावलाय, तो तिच्यासारखा दिसत पण नाही. आमचा कॉम्प्युटर जळला म्हणाले. ह्यांच्या मामांकडं दुरुस्तीला दिला होता, त्यांनी सांगितलं, सगळं गेलं."

तिनं मेव्हण्याकडं बघितलं. मेव्हण्यांनी छताकडं बघितलं. तेव्हा कुठं मला उलगडलं, आणि माझ्याबरोबर हॉललाही. जुन्या डिस्क गोळा करता करता मेव्हण्यानं, साहेब, तुमच्या घरचीही सोडली नव्हती. ती रंगवलेल्या पेटीत घालून तुमच्याच योजनेत आप्पांना विकली होती. हे तुम्हालाही आदल्या दुपारपर्यंत माहीत नसणार. एवढा संशयाचा फायदा मी तुम्हाला देतो.

"द्या ना मला ते, काकू," मयूरा म्हणाली.

"न्हाईत गं बाई आता," आई म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, भाजी संपली म्हणून सांगावं तसा. ती खरंच इतकी भाबडी होती, का घरी चोवीस तास गप्प बसून तिनं काही ठरवलं होतं, ते तिनं मला मरेपर्यंत सांगितलं नाही. "काल दुपारी तुझ्या सासऱ्यांनी पुसले. मी समोरच उभी होते. फोन चालू होता, रणदिवेला म्हणाले, 'सरक, मला बघू दे.' मग एकेक फोटो उघडून बघितला. तुझ्या आईचा आला तसा बाण थांबला. तिच्या तोंडावरच. लई वेळ हलला न्हाई. मला वाटलं, कोण तरी ओळखीचं दिसलं असंल. मग ते यंत्र विचारतं न, पुसू का म्हणून? तसं विचारलं. आणि पुसलं."

मयूरा तुमच्याकडं वळली. "मामंजी?"

साहेब, तुम्ही काय केलंत? तुम्ही माइक ओढून घेतलात आणि म्हणालात, "सभेचं कामकाज संपलं आहे. बाहेर अल्पोपहाराची व्यवस्था केलेली आहे."

आणि सभा उठली! उप्पीट गरम होतं. गुरुजी लोकांनी रांग लावली. आवटी गुरुजी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझे वडील खरं बोलत होते रे," आणि दुसरी प्लेट घ्यायला गेले. पुढच्या निवडणुकीत तुम्ही बिनविरोध आलात. आप्पांनी सगळ्या दारांत पुन्हा जाऊन माफी मागितली. ज्यांना हवी होती त्यांची पेटी मी घरी जाऊन नीट करून दिली, आप्पा शेजारी बसून राहायचे. आता ते नाहीत, आईही नाही.

पेट्यांचा हिशेब मी मागत नाही. तो मागायला तुमच्या संस्थेत सभासद आहेत, उप्पीट पचलं असेल तर मागतील. मयूराला मात्र तुम्ही अजून उत्तर दिलेलं नाही. ती त्यानंतर वर्षभरानं माझ्या दुकानात आली होती, ती डिस्क घेऊन. मी आप्पांकडून मागून तिला दिली होती. पुण्या-मुंबईच्या सगळ्या जाणकारांना दाखवून झाली होती. कुणीच काही काढू शकलं नव्हतं. तिनं मला डिस्कचं काहीच विचारलं नाही, नुसती म्हणाली, "थांबले होते म्हणजे ओळखलं होतं ना?"

तिला मी काय सांगणार? बाण माझा नव्हता.

म्हणून विचारतो. माणूस न बघता पुसतो तेव्हा त्याला चूक म्हणता येतं. तुम्ही थांबलात. तुमच्या व्याह्यांच्या घरची मेलेली बाई तुमच्याकडं बघून हसत होती, तुमच्या नातवाची आजी, आणि यंत्रानं तुम्हाला सरळ मराठीत विचारलं की पुसू का. त्या वेळात तुमच्या मनात काय चाललं होतं, साहेब? मला नका सांगू. सुनेला सांगा. तुमच्याच घरात आहे ती, आणि ह्या वेळी मधे कुठलाही कॉम्प्युटर नाही. बोला.